बूटेड की साइक्स? माळावरचे दोन जुळे वॉर्बलर ओळखायचे कसे आणि त्यांचा संवर्धन-दर्जा वाचायचा कसा

हिवाळ्यात दख्खनच्या माळावर फिरताना बाभळीत किंवा तरवडाच्या झुडपात चिमणीपेक्षा लहान, फिकट तपकिरी पक्षी हमखास दिसतो. अंगावर ठिपका नाही, पट्टा नाही आणि एका जागी दोन क्षण थांबणं नाही. पक्षीनिरीक्षकांच्या बहुतेक याद्यांत, म्हणजे चेकलिस्टमध्ये, तो ‘बूटेड वॉर्बलर’ (वॉर्बलर म्हणजे वटवट्या) म्हणून जातो. पुष्कळदा तो बूटेड असतोही. पण त्याच झुडपात साइक्सचा वॉर्बलरही असू शकतो, आणि ती शक्यता न तपासताच नोंद टाकण्याची सवय आपल्याकडे खूप पसरली आहे.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत हे दोन्ही पक्षी आज ‘लीस्ट कन्सर्न’, म्हणजे सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहेत. म्हणून कुणी म्हणेल, मग एवढा काथ्याकूट कशाला? माझं उत्तर असं की जो पक्षी आपण शेजारच्या जातीपासून वेगळा ओळखत नाही, तो कमी होतोय का वाढतोय हे आपल्याला कळूच शकत नाही. त्यामुळे या लेखात आधी ओळख आणि मग दर्जा, हाच क्रम ठेवला आहे.

थोडी पार्श्वभूमी

साइक्सच्या वॉर्बलरचं पहिलं शास्त्रीय वर्णन दख्खनमधलंच आहे. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी अधिकारी असलेल्या विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे मांडली, त्यात हा पक्षी होता. त्याचं आजचं शास्त्रीय नाव इडुना रामा. बूटेडचं, म्हणजे इडुना कॅलिगाटाचं वर्णन त्याच्या आधी, १८२३ मध्ये लिख्टेनस्टाइन यांनी केलं होतं.

पुढे बराच काळ दोघांना एकाच जातीच्या दोन उपजाती मानलं गेलं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पुन्हा वेगळे झाले. हे ध्यानात ठेवा, कारण याचा थेट परिणाम नोंदींवर झाला आहे. जुन्या अहवालात नुसतं ‘बूटेड वॉर्बलर’ लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ ‘दोघांपैकी एक’ एवढाच घ्यायचा.

वीण कुठे होते यातही फरक आहे. बूटेड हा गवताळ प्रदेशाचा पक्षी: रशिया, पश्चिम सायबेरिया, कझाकस्तानचा उत्तर भाग. झुडपं आणि उंच तण असलेल्या मोकळ्या जागी तो जमिनीवर किंवा जमिनीलगत घरटं करतो. साइक्सचा पक्षी त्याच्या दक्षिणेला, कोरड्या मुलखात: इराण, अफगाणिस्तान, मध्य आशियातले देश, पश्चिम चीन. टॅमॅरिस्क आणि सॅक्सॉलची झुडपं ही त्याची जागा, आणि घरटं जमिनीपासून वर, झुडपात. कझाकस्तानात दोघांचे प्रदेश एकमेकांना भिडतात. ऑगस्टअखेरपासून दोघंही भारतात उतरू लागतात आणि साधारण एप्रिलपर्यंत राहतात.

पायरी १: आधी इतरांना बाजूला काढा

या दोघांमध्ये निवड करण्याआधी समोरचा पक्षी या दोघांपैकीच आहे ना, हे पक्कं करा. चुका इथेच जास्त होतात.

सर्वांत मोठा घोळ ब्लिथच्या रीड वॉर्बलरशी होतो. आपल्याकडे हिवाळ्यात तो भरपूर असतो आणि बागेपासून ओढ्याकाठच्या झाडीपर्यंत सगळीकडे चालतो. त्याची चोच लांब, कपाळ उतरतं, रंग ऑलिव्हकडे झुकणारा. शेपटीच्या मुळाखालची पिसं लांब असल्याने मागचा भाग भरीव वाटतो. मुख्य म्हणजे त्याच्या शेपटीच्या कडा फिकट नसतात. बूटेड आणि साइक्स या दोघांच्याही शेपटीची बाहेरची पिसं कडेला पांढुरकी असतात. पक्षी उडून शेपटी पसरतो त्या क्षणी ती कड दिसते. पिसं झिजली की मात्र ती जाते, म्हणून कड दिसली नाही एवढ्यावरून निर्णय घेऊ नका.

चिफचाफचे पाय आणि चोच काळपट असतात, अंगावर हिरवट झाक असते. लेसर व्हाइटथ्रोटचा गळा पांढरा आणि डोळ्यामागचा भाग गडद राखाडी. पॅडीफील्ड वॉर्बलरची भुवई ठळक, पाठीचा खालचा भाग तांबूस, आणि तो पाणथळीतल्या गवता-बोरूत राहतो. साध्या प्रिनियाची शेपटी एवढी लांब असते की नीट पाहिलं तर गोंधळ राहत नाही.

पायरी २: पक्षी कुठे आहे आणि काय करतोय ते पाहा

दुर्बीण लगेच चोचीवर रोखू नका. आधी अर्धा-एक मिनिट नुसता वावर पाहा.

बूटेड खाली असतो. गवताच्या मुळाशी, शेताच्या बांधावरच्या तणात, गुडघाभर झुडपात, मधूनच जमिनीवर उतरून. त्याची चाल पर्णवटवट्यांसारखी (लीफ वॉर्बलरसारखी) चपळ, तुटक. साइक्स जास्त करून बाभूळ, हिवर, बोर अशा काटेरी झाडाझुडपांच्या मध्यावर किंवा वरच्या भागात दिसतो. फांदीवरून आडवं सरकत पानं तपासतो आणि शेपटी वरचेवर हलवतो.

हा नियम नव्हे, कल आहे. झुडूप एकच असेल तर बूटेडही वर चढतो, आणि तण दाट असेल तर साइक्सही खाली येतो. तरीही वावर आधी नोंदवायचा, कारण चोच आणि भुवई फोटोत नंतरही तपासता येतात. पक्षी कसा वागत होता हे फोटोत राहत नाही.

पायरी ३: चोच

माझ्या मते मैदानावर उपयोगी पडणारी सर्वांत भक्कम खूण हीच. पक्षी बाजूने दिसेपर्यंत थांबा.

बूटेडची चोच आखूड आणि बारीक. चोचीचा खालचा भाग फिकट गुलाबी, पण टोकाशी गडद डाग. त्याचा चेहरा त्यामुळे पर्णवटवट्यासारखा, काहीसा गोड दिसतो. साइक्सची चोच लांब, मुळाशी रुंद, आणि खालचा भाग टोकापर्यंत फिकट, किंवा डाग असलाच तर अगदी पुसट. चोच लांब आणि कपाळ चपटं असल्याने तो रीड वॉर्बलरच्या बाजूला झुकलेला वाटतो.

अडचण सावलीची. दुपारच्या उन्हात चोचीचा खालचा भाग सावलीत जातो आणि नसलेला डाग असल्यासारखा दिसतो. सकाळचं तिरपं ऊन चांगलं. पक्ष्याने डोकं वर करून पानाखालचा किडा टिपला की ते दोन-तीन सेकंद चोचीसाठी वापरा.

पायरी ४: भुवई

डोळ्यावरची फिकट पट्टी कुठे संपते ते पाहा. बूटेडमध्ये ती डोळ्याच्या मागे जाते, आणि तिच्या वरच्या कडेला किंचित गडद रेघ असते. ही रेघ फार बारीक असते, पण दिसली तर मोलाची. साइक्समध्ये पट्टी डोळ्याच्या पुढे ठीक दिसते, मागे मात्र लगेच विरते. वरची गडद कड जवळजवळ नसतेच. त्यामुळे त्याचा चेहरा कोरा वाटतो आणि डोळा मोठा, एकटा दिसतो.

पायरी ५: शेपटी आणि पंख

साइक्सची शेपटी लांब दिसते. पंख आखूड आणि गोलसर असल्याने हा लांबपणा आणखी जाणवतो. बूटेड आटोपशीर असतो, शेपटी अंगाला शोभेल एवढीच.

चांगला फोटो मिळाला तर आणखी एक गोष्ट पाहता येते. बसलेल्या पक्ष्याच्या मिटलेल्या पंखावर सर्वांत वर जी तीन पिसं दिसतात त्यांना टर्शियल म्हणतात. त्यांच्या पुढे उड्डाणपिसांची टोकं किती बाहेर आली आहेत, याला प्रायमरी प्रोजेक्शन. बूटेडमध्ये ते थोडं जास्त, साइक्समध्ये कमी. शिवाय बूटेडच्या टर्शियलचा मधला भाग गडद आणि कडा फिकट, असा फरक उठून दिसतो. साइक्समध्ये सगळंच एकसुरी. सुरुवात करणाऱ्याने या खुणेवर विसंबू नये. पंख जरासा सैल सोडला तरी माप बदलतं.

पायरी ६: रंग सर्वांत शेवटी

बूटेड उबदार तपकिरी, चहाच्या छटेचा. साइक्स राखाडी, थंड रंगाचा. पुस्तकात हे चित्र शेजारी शेजारी पाहिलं की फार सोपं वाटतं, आणि म्हणूनच लोक रंगापासून सुरुवात करतात. तसं करू नका. पहाटेच्या उन्हात साइक्स उबदार दिसतो, ढगाळ दिवशी बूटेड राखाडी. फेब्रुवारी-मार्चपर्यंत पिसं झिजून दोघंही फिकट पडतात. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स त्यात स्वतःची भर घालतं. आधीच्या खुणांनी एकच दिशा दाखवली असेल तर रंग तिला पुष्टी देऊ शकतो. एकट्या रंगावर नोंद नको.

पायरी ७: आवाज

हिवाळ्यात दोघंही ‘चक’ किंवा ‘च्रेक’ असा तुटक, कोरडा आवाज काढतात. ब्लिथचा रीड वॉर्बलरही ‘चक’ म्हणतो, जरा जाडसर. परतीच्या आधी, मार्चच्या सुमारास, कधी कधी हलक्या सुरातलं गाणं ऐकू येतं. बूटेडचं गाणं जलद, खळखळतं. साइक्सचं जास्त खरखरीत, रीड वॉर्बलरच्या वळणाचं. ते ध्वनिमुद्रित करा. फोनवर झालं तरी चालेल.

आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या मर्लिन ॲपने नाव सुचवलं म्हणून नोंद टाकू नये. नुसत्या ‘चक’वरून या तिघांमध्ये निवाडा करणं अनुभवी कानालाही जड जातं. ॲपची सूचना ही शोध सुरू करायला ठीक. आणि आवाज वाजवून पक्षी बाहेर काढण्याचा मोह टाळा. हजारो किलोमीटर उडून आलेल्या, काही ग्रॅम वजनाच्या जिवाचा चरण्याचा वेळ आपल्या फोटोसाठी का खर्च करायचा?

फोटो कसे काढायचे

एकच सुंदर फोटो इथे फारसा कामाचा नाही. सलग बर्स्टमध्ये काढलेले दहा साधे फोटो जास्त सांगतात. बाजूने चोच, समोरून-वरून डोकं, मागून शेपटी, आणि उडताना पसरलेली शेपटी, एवढं मिळालं तर निर्णय होतो. फोटो टाकण्याआधी रंग चढवू नका, उजेड फार वाढवू नका. क्रॉप खुशाल करा.

नोंद कशी टाकायची

या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना इथे आहे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर ‘बूटेड/साइक्स वॉर्बलर’ असा एकत्र पर्याय आहे. यादीत सहज दिसला नाही तर शोधपट्टीत नाव टाका. चोच आणि भुवई, या दोन्ही खुणा नीट दिसल्या आणि दोन्ही एकाच बाजूला गेल्या, तरच जातीचं नाव द्या. नाहीतर एकत्र पर्याय. अशी नोंद टाकण्यात कमीपणा अजिबात नाही. उलट ती अंदाजाने दिलेल्या नावापेक्षा मौल्यवान आहे, कारण तिच्यात खोटं काही नाही.

टिपणाच्या जागेत काय दिसलं ते लिहा: ‘बाभळीत तीन मीटर उंचीवर, चोच लांब, खालचा भाग पूर्ण फिकट, भुवई डोळ्यामागे विरलेली.’ अशी एक ओळ दहा वर्षांनी कुणी नोंद तपासायला घेतली तर त्याच्या उपयोगाची. ‘शंभर टक्के साइक्स’ एवढंच लिहिलं तर तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

दिसलेले आणि ओळखलेले सगळे पक्षी नोंदवले असतील तर चेकलिस्ट ‘संपूर्ण’ म्हणून द्या. याचं कारण पुढे येतंच आहे.

आता दर्जा: ‘लीस्ट कन्सर्न’ म्हणजे नेमकं काय

लाल यादीसाठी पक्ष्यांचं मूल्यमापन बर्डलाइफ इंटरनॅशनल ही पक्षीसंवर्धन संस्था करते. दर्जा ठरतो तो ठरावीक निकषांवर. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यातला जो काळ मोठा असेल त्यात, संख्या ३० टक्के घटली तर जात ‘व्हल्नरेबल’, म्हणजे असुरक्षित गटात जाऊ शकते. ५० टक्क्यांना ‘एन्डेंजर्ड’, ८० टक्क्यांना ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’. याशिवाय प्रसाराचं क्षेत्र २०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असणं, प्रौढ पक्षी १०,००० पेक्षा कमी असणं, असे वेगळे निकष आहेत, आणि त्यांना घट किंवा तुकडे पडणं यांसारख्या अटींची जोड लागते.

बूटेड आणि साइक्स दोघांचाही प्रसार अवाढव्य आहे. त्यामुळे क्षेत्राच्या निकषात ते बसत नाहीत. घटीच्या निकषात बसायचे तर अशी घट होतेय असं दिसावं लागतं. लीस्ट कन्सर्नचा अर्थ एवढाच की हे उंबरठे ओलांडल्याचं दिसत नाही. पक्षी सुखात आहे, असा तो दाखला नव्हे. आणि हा दर्जा जगभराचा. एखाद्या तालुक्यातून जात नाहीशी झाली तरी जागतिक दर्जा जसाच्या तसा राहू शकतो.

दर्जा वाचताना म्हणून तीन प्रश्न विचारावेत. मूल्यमापन कोणत्या वर्षीचं आहे? संख्येचा कल कशावरून ठरवला आहे? आणि मूल्यमापन झालं तेव्हा जातीची व्याख्या आजचीच होती का? तिसरा प्रश्न आपल्या जोडीसाठी कळीचा. एक जात दोनमध्ये विभागली की प्रत्येकीच्या वाट्याला कमी क्षेत्र, कमी संख्या येते, आणि जुन्या नोंदींतला मोठा भाग कुणाचाच राहत नाही.

ओळखीच्या गोंधळात एखादी जात किती खोल दडू शकते, याचं उदाहरण याच कुळात आहे. लार्ज-बिल्ड रीड वॉर्बलरचा एकच नमुना १८६७ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांना सतलजच्या खोऱ्यात मिळाला होता. त्यानंतर जवळजवळ १४० वर्षं तो कुणालाच ठाऊक नव्हता. २००६ साली थायलंडमध्ये एक जिवंत पक्षी जाळ्यात सापडला. मग संग्रहालयांचे कप्पे तपासले गेले, आणि ब्लिथचा रीड वॉर्बलर अशी चिठ्ठी लावलेल्या नमुन्यांत तो निघाला. पुढे अफगाणिस्तानच्या वाखान भागात त्याची वीण होत असल्याचं कळलं. बराच काळ त्याचा दर्जा ‘डेटा डेफिशिएंट’, म्हणजे ठरवण्याइतकी माहिती नाही, असा राहिला.

जवळच्या दोन जातींचं नशीब किती वेगळं असू शकतं तेही पाहा. युरोपातले सेज वॉर्बलर आणि ॲक्वॅटिक वॉर्बलर सख्खे नातेवाईक. पहिला लीस्ट कन्सर्न, दुसरा व्हल्नरेबल. ॲक्वॅटिकला बेलारूस, युक्रेन, पोलंडकडच्या ठरावीक उंचीच्या गवती दलदलीच लागतात, आणि त्या निचरा करून शेतीखाली आणल्या गेल्या. सेज वॉर्बलर अनेक प्रकारच्या जागी निभावून नेतो. दोघांना एक समजून मोजलं असतं तर एकाची भरपूर संख्या दुसऱ्याची घट झाकून गेली असती.

भारतातलं चित्र कुठे पाहायचं

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हे अहवाल २०२० आणि २०२३ मध्ये आले. दुसऱ्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि १७८ जातींना संवर्धनात उच्च प्राधान्य दिलं आहे. उघड्या माळरानांवरचे पक्षी आणि लांबून स्थलांतर करून येणारे पक्षी, या दोन्ही गटांत घट ठळक दिसते. आपले दोन्ही वॉर्बलर या दोन्ही गटांत मोडतात. अहवालाच्या संकेतस्थळावर प्रत्येक जातीचं पान आहे. तिथे दीर्घकालीन आणि सध्याचा असे दोन कल दिलेले असतात, सोबत अनिश्चिततेचा पट्टा. पट्टा रुंद असेल तर मधल्या रेषेवर फार विसंबायचं नाही.

हे आलेख बनतात पक्षीनिरीक्षकांच्या संपूर्ण चेकलिस्टमधून. शंभरातल्या किती याद्यांत ही जात आली, असा तो हिशोब. आता विचार करा: लोक साइक्स ओळखायला शिकले, तर पक्षी न वाढता साइक्सची रेषा वर जाईल आणि बूटेडची खाली. त्यामुळे या जोडीबाबत दोन्ही जाती आणि एकत्र नोंदी, तिन्ही समोर ठेवून पाहावं. तिन्हींची बेरीज घसरत असेल तर काळजीचं कारण खरं.

जागा टिकली तर पक्षी टिकेल

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तो पक्ष्याला पकडणं-मारणं रोखतो. गायरानावर चर खोदले, माळ नांगरला, गवताच्या जागी रांगेत झाडं लावली, तर त्यात पक्ष्याला हातही लागत नाही, पण त्याची हिवाळ्याची जागा जाते. सरकारी नकाशांत माळरानं आणि झुडपी रानं अजूनही पडीक जमीन म्हणून मोजली जातात. पडीक म्हटलं की तिथे काहीतरी ‘करून दाखवायची’ घाई सुरू होते. वृक्षारोपणाच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण झाड लावणं म्हणजे आपोआप निसर्गरक्षण, ही समजूत माळाच्या मुळावर आली आहे.

गावपातळीवर करण्यासारखं बरंच आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार स्थानिक संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या माळावरच्या पक्ष्यांची यादी, महिना आणि जागेसकट, त्या नोंदवहीत जाईल हे पाहा. पुढे जागा कुणाला द्यायचा विषय ग्रामसभेत निघाला तर ‘इथे काही नाही’ असं म्हणता येत नाही.

यादी करताना एकच माळ निवडा आणि सप्टेंबर ते एप्रिल दर पंधरवड्याला तोच रस्ता, तेवढाच वेळ चाला. झुडपाची उंची, गवत चरलेलं की उभं, बाभूळ देशी की वेडी, हेही लिहा. बूटेड खाली आणि साइक्स वर, हा कल खरा असेल तर गवत राखलेल्या आणि झुडपं राखलेल्या माळांवर दोघांचं प्रमाण वेगळं निघायला हवं. ते तसं निघतं का, हे पाहायला खर्च येत नाही. दुर्बीण, वही, आणि दोन्ही खुणा दिसेपर्यंत थांबायची तयारी लागते.